दोन्हींचा घेर साठ

१२ जुलै

भाऊजी यांस नमस्कार.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतंय. धाकटीची दहावी सुरू झाली. तुमचे कागद मिळाले. 'वाटणी समसमान झाली, मान्य', आणि खाली माझ्या नावासमोर पेन्सिलीची फुली, चष्मा नसला तरी सापडावी अशी. काळजी घेतलीत.

उत्तराला महिना लागला, कारण मी अभ्यास करत होते. हसू नका.

धाकटी निर्देशक भूमितीत अडली होती. "आई, तुला काय कळणार यातलं," म्हणाली, म्हणून पुस्तक मीच वाचून काढलं. एका उदाहरणात एक त्रिकोण, एक वर्तुळ, मोठं कोणतं ते सांगा. मी आपलंच आवार मांडलं. दोन गल्ल्या मिळतात तो माझा कोपरा शून्य, शून्य. एका गल्लीने चोवीस मीटर, दुसरीने दहा, तिरकी बाजू सव्वीस. घेर साठ. तुमच्याकडची जुन्या टाकीची गोल जागा मध्यापासून कडेपर्यंत साडेनऊ. घेर जवळजवळ साठच. वाटणीची दोरी खोटी नव्हती.

आत मात्र माझ्याकडे एकशे वीस चौरस मीटर आणि तुमच्याकडे दोनशे त्र्याऐंशी. सूत्रावर भरवसा बसेना, म्हणून आलेखाच्या कागदावरचे चौकोन बोटाने मोजले. उत्तर तेच.

"वहिनी, एकच दोरी दोन्हीकडे पुरली, आता काय राहिलं?" असं तुम्ही सहा वर्षांपूर्वी चार माणसांत म्हणालात. दुसरं कोणी म्हटलं असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही जन्मभर शाळेत गणित शिकवलंत.

इथेच थांबणार होते.

दोरीचं दुसरं टोक ह्यांच्या हातात होतं. तुम्ही गेल्यावर मी म्हटलं, "अहो, गोल मोठा दिसतोय." "चौथी शिकलीस आणि मास्तरला शिकवतेस?" मीही म्हणाले, "भावापुढे तुमचं डोकं लाकडाचं होतं." दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी दवाखाना, आणि बोलायचं राहूनच गेलं. भोळ्या माणसाला लागेल असं बोलले, हे सहा वर्षं उराशी घेऊन बसले.

पण ते सुतार होते, भाऊजी. गोल टेबल असो की कोपऱ्यातलं तिकोनी, कडेची पट्टी सारखी लागली तरी गोलाला लाकूड कितीतरी जास्त आणायचे. "गोल फळी खातो," हे त्यांचंच बोलणं. चौकोन मोजता मोजता मला ते आठवलं आणि बोट थांबलं. त्यांना माहीत होतं. दोरी धरून उभे होते तेव्हाच माहीत होतं.

तुमची लबाडी कागदावर मांडता आली. ह्यांचं गप्प राहणं कुठे मांडू? धाकट्या भावाची लाज राखली आणि ओरडले माझ्यावर.

दादा असता तर एका शब्दावर सही केली असती, असं तुम्ही लिहिलंय. केली असती. म्हणूनच मी करत नाही. कागद सहीविना परत पाठवतेय, सोबत माझं गणित. चुकलं असेल तर लाल शाईने दाखवा.

जाऊबाईंना आठवण सांगा. त्यांना यातलं काही ठाऊक नसावं, असं धरून चालते. असं धरून चालण्यावरच माझा संसार झाला.

तुमच्या दादाची बायको