कामास योग्य

१२ नोव्हेंबर
ह्यांचा मेडिकल बोर्ड झाला एकदाचा. निघताना हातावर दही-साखर ठेवली, मुक्ताच्या बारावीला ठेवली होती तशीच. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसांना पाणी लावून भांग. बटणं मी लावली.

दिवाळीआधीपासून तयारी चालली होती. गॅलरीत न अडखळता चालायचं, पिवळा चेंडू दाबायचा, स्वतःचं पूर्ण नाव न चाचरता म्हणायचं. मी समोर बसून ऐकायचे. चुकलं की पुन्हा.

टेबलामागे तीन डॉक्टर. मधले म्हणाले, "काय, कसं वाटतंय?"

"एकदम फर्स्ट क्लास, सर."

उजवा हात कानापर्यंत नेला. दात आवळून, पण नेला. डॉक्टर हसले. "छान सुधारणा आहे." मागच्या खुर्चीवर मी पालकसभेत बसते तशी ताठ बसले होते.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "निघालो बा पास." अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांची यवतमाळची बोली परत आली आहे. एवढी वर्षं पुण्यात दाबून ठेवलेली.

२० नोव्हें.
निकाल आला. 'कामास योग्य.' खाली बारीक अक्षरात, आजारपणाचा भत्ता बंद. आम्ही वरचंच वाचत बसलो. मुक्ताने फोटो काढून स्टेटसला ठेवला, 'बाबा बॅक टू वर्क'. ह्यांनी कपाटातून कंपनीचा निळा शर्ट काढला आणि त्याचा वास घेतला. सोमवारी हजर व्हायचं.

२५ नोव्हें., सोमवार
दुपारच्या आत घरी परत. काळभोर भावजींनी मोटरसायकलवर आणून सोडलं. ह्यांच्याच लाइनवर काम करतात, लोणीहून येतात.

कंपनीच्या डॉक्टरांनी टेबलावर एक वॉशर ठेवला आणि उजव्या हाताने उचला म्हणाले. हे बोटं फिरवत राहिले. वॉशर सरकत सरकत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. "या हाताला मी प्रेस मशीनपुढे उभं करू? बोटं जातील तुमची. पूर्ण बरे होऊन या."

चूक कुठे आहे त्यांचं.

काळभोर पाणी पिता पिता चिडले. "आवो वहिनी, बोर्डाफुडं कुनी फस्क्लास म्हनतं व्हय? ती काय धाव्वीची परीक्षा हाय? तितं पास झालं की भत्ता बंद!"

"मंग खोटं बोलू?" हे म्हणाले.

"आन् बोललास ते काय खरं व्हतं?"

मी पोह्यांच्या बशा पुढे केल्या. परीक्षा म्हणून मीच तर धाडलं होतं.

२९ नोव्हें.
शाळेच्या ग्रंथालयातून अर्धी रजा. भत्ता देणारं विमा कार्यालय. खिडकीतले गृहस्थ कागद बघून म्हणाले, "बोर्डाने बरं म्हटलंय. अभिनंदन."

कंपनी घेत नाही म्हटलं.

"ते कंपनीला विचारा."

विचारलं. ते म्हणतात बोर्डाला विचारा.

"मग दोघांची ओळख करून द्या."

मागच्या रांगेतले एक आजोबा हसले. मलाही हसू आलं. राग नंतर आला, बसमध्ये.

अपील करता येतं. "करा की. आम्ही कुठे अडवलंय?"

१७ डिसें.
अपिलाला कंपनीचं पत्र हवं, की कामावर घेत नाही. कंपनीतला साहेब म्हणतो, घेत नाही असं लिहून देता येत नाही. मग घ्या. घेता येत नाही.

काळभोर रोज चहाच्या सुट्टीत त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहतात म्हणे. बोलत काहीच नाहीत. नुसते उभे.

२४ डिसें.
पत्र मिळालं. अपील दाखल. काळभोरांना लाडवांचा डबा दिला तर म्हणाले, "ह्ये सुधाकरला खाऊ घाला, लई वाळलाय."

७ जाने.
तारीख होती. एक डॉक्टर रजेवर. पुढची कळवतील. रिक्षाने गेलो, रिक्षाने आलो. माझा चेहरा बघून हे म्हणाले, "मले तर बरं वाटलं. बाहेर तरी निघालो."

११ जाने.
आज मी एक वाक्य बोलून बसले. "बोर्ड होईपर्यंत चेंडू जरा कमी दाबा."

एवढे महिने याच बोटांना कोमट तेल लावून एकेक उघडलंय मी, करंगळीपासून. परवा करंगळी आपणहून हलली तेव्हा मुक्ताला हाक मारून दाखवली. आणि आता माझ्याच तोंडून हे.

ह्यांनी चेंडू माझ्या हातात दिला. मी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले. भाजी फोडणीला टाकली. मग चेंडू परत नेऊन दिला.

१८ जाने.
पुढच्या आठवड्यातली तारीख आली. मुक्ता म्हणाली, "बाबा, सिंपल आहे. हात लोंबता ठेवायचा, काहीही विचारलं की दुखतं म्हणायचं." करूनही दाखवलं. हे भडकले.

"मी नाटक नाई करत!"

शब्द अडकला, थुंकी उडाली. ती पुसायला निघालेला उजवा हात अर्ध्यावर येऊन थांबला. मुक्ता उठून आत गेली, रडायला.

संध्याकाळी मी म्हटलं, नाटक नको. फक्त सकाळ कशी जाते तेवढं सांगा.

"मले नाई सांगता येत ते. तू सांग." मग थोड्या वेळाने, "मी बाहेर बसतो."

२३ जाने.
दुसरा बोर्ड. बटणं त्यांची त्यांना लावू दिली. मी ओटा पुसत उभी राहिले, पुसलेलाच. एक घर चुकलं होतं. तसंच ठेवलं. दही फ्रिजमधून काढलंच नाही.

बाहेर बसू दिलं नाही, पेशंट समोर लागतो. डॉक्टर बाई नव्या, माझ्यापेक्षा लहान. "काका, कसं आहे?"

"फर्स्ट क्लास."

निघूनच गेलं तोंडातून. जन्मभराची सवय. आजारी सासऱ्यांनाही कोणी विचारलं की ते हेच म्हणायचे. मग ह्यांनी मान खाली घातली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे न बघता बोलायला लागले. जेवताना उजव्या गालात घास राहतो, त्यांना कळत नाही. चहाचा कप टेबल संपतं तिथे ठेवतात. लेकीला हाक मारताना नाव आठवत नाही, मग बेटा म्हणतात. आधी कधी म्हणत नव्हते. जिना पाठमोरे उतरतात, कठडा धरून, मी घरात नसताना. समोरच्या काकूंनी सांगितलं मला.

थांबेचना. एवढं साठलंय हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "पुरे, ताई. आलं लक्षात." पेन्सिल उचलायला लावली. नाही आली. "कळवू."

रिक्षात आळंदी रोडच्या सिग्नलला हे म्हणाले,

"जिन्याचं तुले कधीपासून माहीत?"

"दिवाळीपासून."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुम्ही लपवत होता ना."

"हाव."

विश्रांतवाडीचा चौक गेला. "मले वाटे, तुले समजलं तर तू शाळेत जाणं सोडशील."

मी त्यांची कॉलर नीट केली. चुकलेलं बटण तिथेच रिक्षात काढून लावलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे.

५ फेब्रु.
काही कळवलं नाही म्हणून मी विमा कार्यालयात गेले. त्याच खिडकीत तेच गृहस्थ. "फाइल वर गेलीय."

वर कुठे?

"दुसऱ्या मजल्यावर. एकदम वर नाही, घाबरू नका."

दुसऱ्या मजल्यावर जेवणाची सुट्टी. बाकावर बसून राहिले. शेजारी एक बाई नवऱ्याचे एक्स-रे मांडीवर घेऊन, तिचं तिसरं अपील. तिने चिवडा दिला. म्हणाली, "इथे चिडायचं नाही हो. चिडलं की भूक लागते."

सुट्टीनंतर कळलं, सही दोनच डॉक्टरांची झाली आहे. तिसऱ्यांची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी येईपर्यंत...

घरी सांगितलं नाही. हे ओळखून होते.

१२ फेब्रु.
फोन आला. नवा बोर्ड. तपासणी पहिल्यापासून. सोमवारी.

मी फोन हातात घेऊन तशीच उभी. हे आतून म्हणाले, "काय म्हणे?"

सांगितलं. तर म्हणाले, "या वेळी मी सांगतो. तू मागं बस."

संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसून बोलून बघत होते. मी समोर वेताच्या मोढ्यावर. एकेक वाक्य, थांबत थांबत. "सकाळी उठलो का पाय आधी हातानं खाली ठेवा लागते." मग घासाचं. मग जिन्याचं, ते बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. चाचरले तरी मी पुन्हा म्हणायला लावलं नाही. सगळं माझ्या ओळखीचं होतं.

मग म्हणाले, "अन् तू हात धरते तेव्हा, गरम हाय का गार, या हाताले समजत नाई."

हे मला माहीत नव्हतं. रोज तेल कोमट करून आणतेय मी. बोटाने बघून, फार गरम नको म्हणून.

उठून त्यांच्या शेजारी बसले. उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. "आत्ता?"

"थांब," म्हणाले. डोळे मिटून घेतले. "घाई नको करू."