चुन्याच्या भिंती

आबा, चाळीसगावच्या तुमच्या जागेवर घर बांधायचं ठरलं आहे आणि त्याचा नकाशा मी काढते आहे. धुळ्याला एका इंजिनिअरच्या कचेरीत मी ट्रेसर आहे. लढाईच्या दिवसांत माणसं मिळेनात म्हणून घेतलं, मग काम बरं दिसलं म्हणून ठेवलं. दिवसभर पूल, मोऱ्या आणि चावड्यांचे नकाशे कापडावर शाईने उतरवते. तुम्ही गेलात तेव्हा मी मराठी चौथीत होते, त्यामुळे यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही.

रेल्वेच्या चाळीतली आपली खोली नोकरीपुरती, नोकरी संपली की चावी परत द्यायची, हे तुम्ही जेवताना नेहमी सांगत असा. म्हणून गावाबाहेर ती लांबट पट्टी घेतलीत. एका सुटीच्या दिवशी आपण तिघं तिथे गेलो. तुम्ही गँगचे मुकादम. दोन रुळांतलं अंतर तपासायचा साडेपाच फुटी लोखंडी गेज हेच तुमचं माप. तो जमिनीवर टाकत तुम्ही पुढे सरकता आहात आणि मी मागून चुन्याची फक्की सोडते आहे. ओसरी दोन गेज, माजघर तीन, स्वयंपाकघर दोन. आखून होण्याआधीच आई आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आहे आणि भाकरीचं फडकं सोडते आहे. रस्त्याने तुमच्या गँगमधला एक जण जातो. "मुकादम, घर बांधी ऱ्हायनात का टेसन?" तुम्ही मान वर करत नाही. "टेसन. तिकीट काढीसन ये."

मग सगळ्यात मागे तुम्ही आणखी दोन गेज टाकलेत. आईने विचारलं, "ही खोली कोनी?"

"पोरनी."

"ती काय जलमभर आठेच ऱ्हाई? लगीन व्हई, जाई."

"जाई. आनि परत उनी तं? पाव्हनीसारखी माजघरमा निजी का?"

आई हसली. मी भाकरीकडे धावले ती सरळ रेघ ओलांडून, आणि तुम्ही माझ्यावर ओरडलात. तसं ओरडलेलं मला दुसऱ्या कुठल्या वेळचं आठवत नाही. "भिंतमाईन कशी उनी? दरवाजा कोठे शे?" मी मागे गेले, वळसा घालून तुम्ही सोडलेल्या जागेतून आत आले. मग आपण डोक्यावर ऊन घेऊन स्वयंपाकघरात जेवलो. त्याच उन्हाळ्यात तापाने तुम्ही गेलात. तेराव्यानंतर आईने चाळीची चावी परत दिली. वाऱ्याने चुना कधीच गेला होता, पण आईला सगळी मापं पाठ होती. ती तिने मला एखादी ओवी सांगावी तशी सांगितली.

कागदावर मांडताना मला तुमची चूक दिसली. पट्टी नऊ गेज भरते आणि तुम्ही खोल्या तिच्यात काठोकाठ बसवल्यात. रुळांवर काम करणारा माणूस एका रुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजतो. रूळ स्वतः किती जागा घेतो हे त्याला मोजावं लागत नाही. तुम्ही घर तसंच मोजलंत. भिंती मोजल्याच नाहीत. आपल्याकडे धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, मातीचा थर असतो, दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर खारी माती पडते, ते सगळं ओझं पेलायला हातभर जाड भिंत लागते. भिंती आणि मागे सोडायची जागा यांत दोन गेज जातात. सगळ्याच खोल्या थोड्याथोड्या कापून पाहिल्या, तर स्वयंपाकघरात आईला चुलीपुढे पाय पसरता येईना आणि माजघर बोळ झालं. एक खोली पूर्ण जाणार, दुसरा मार्ग नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. म्हणाली, "मंग ओसरी काढी टाक. तठे आते कोन बसनार शे?" ओसरी तुमची होती. पेन्शनीत तिथे बसून तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या ऐकणार होतात. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "तुनी खोली मातर ऱ्हाऊ दे. त्यासनी सांगेल शे."

तिचं बरोबर आहे. कचेरीत कोणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं: जो माणूस नाही त्याच्यासाठी जागा धरत नाहीत. मी ओसरीवर पेन्सिलीने फुली मारली आणि पुसली. परत मारली, परत पुसली. इतकी वर्षं तुम्ही नाही हे मी लोकांना नीट, न अडखळता सांगत आले आहे. स्वतःच्या हाताने कागदावर मात्र ते मला लिहिता आलं नाही. शेवटी मी माझी खोली काढून टाकली. पुढच्या आठवड्यात आईला सांगितलं, मुन्सिपालटीने ती नामंजूर केली. "त्यासले पोरीसनं काय पडेल शे," ती म्हणाली, आणि निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायला बसली. मुन्सिपालटीने काहीही नामंजूर केलेलं नाही. नकाशा अजून माझ्याच टेबलावर आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून आणखी एक लिहिते. शाईने ओसरी पुरी केल्यावर मी तिच्यात एक खाट काढली. मंजुरीच्या नकाशात सामान काढत नाहीत. पात्याने ती खरवडावी लागेल. खाट मापात यावी म्हणून तुमची उंची हवी होती. ती मला माहीत नाही. आईला विचारलं तर कशासाठी ते सांगावं लागेल. म्हणून मी ती अंदाजाने काढली.