हिरव्या जाकिटाची पाच बटणं

१२ फेब्रुवारी

चि. पाटीस,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलायचा नाही असा पण केला आहेस का? या आठवड्यात चारदा लावला. चौथ्यांदा तुझ्या नवऱ्याने उचलला. तो बस चालवणारा माणूस, दोन थांब्यांच्या मधे जेवढं बोलून होईल तेवढंच बोलतो. तू झोपली आहेस म्हणाला. दुपारी चार वाजता! तापाने फणफणलेली असायचीस तेव्हाही तुला अंथरुणात धरून ठेवायला आई आणि मी, दोघी लागायचो. खरं काय ते कळव. थापा मला चालत नाहीत, बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या ऐकते आहे. कंबर वाढली नाही म्हणणारीची कंबर माझ्या टेपला आधी कळते.

दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला आहे, काजं करून करून बोटं दुखली. पण काल एक निळं सुती कापड आलं, इतकं मऊ की मी गिऱ्हाइकांना दाखवलंच नाही. तुझ्यासाठी बाजूला ठेवलं. वहीतली तुझी मापं नऊ वर्षांपूर्वीची आहेत, नवी पाठव. आणि हो, तेव्हा शिवलेलं हिरवं जाकीट एकाही फोटोत तुझ्या अंगात दिसत नाही. कधी खांद्यावर, कधी हातावर. त्याची पाच बटणं मी हाताने मढवली होती. एकदा लावून दाखवलीस तर आपल्या दोघींच्या बापाचं काय जातं?

उलटटपाली पत्र टाक. लोभ कमी झाला असेल तर तसं लिही, म्हणजे भांडायला येते.

तुझी ताई

---

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही, कारण बोलता बोलता शब्द हरवतात. परवा कामावर, दातांच्या लॅबमध्ये, चिमटा मागायचा होता आणि तो शब्दच येईना. हाताने खुणा करत उभी राहिले. पत्रात थांबता येतं. एवढं लिहायलाही दोन दिवस लागले आहेत.

जाकीट घालत नाही, कारण बटणं लागत नाहीत. पहिल्या दिवसापासून लागली नाहीत. तू मापं मागितलीस तेव्हा मी जुनीच पाठवली होती. त्याच्या दोन महिने आधी मी छातीत सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या होत्या. तुला सांगितलं होतं, कामाच्या प्रशिक्षणाला जाते आहे.

आता सांगते, कारण चार वर्षं झाली, अंग साथ देत नाही. सकाळी बोटं वळत नाहीत, केस पुंजक्यांनी गळतात, आंघोळ करून आले की पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. रक्ताच्या तपासण्या सगळ्या चांगल्या. एका डॉक्टरांनी मनाला लावून घेऊ नका म्हणून घरी पाठवलं. मग एक सर्जनबाई भेटल्या. त्यांनी पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे पिशव्यांमुळे असू शकतं, पण याची अशी एक ठाम तपासणी नाही. पिशव्या काढल्यावर बऱ्याचजणींना बरं वाटतं, काहींना वाटत नाही, शब्द देणार नाही. घरी येऊन मी विचार केला. कवळी टोचते म्हणून कोणी परत आणली तर आम्ही ती घासून देतो, नाहीतर नवी करतो. हिरडीला सहन कर म्हणून सांगत नाही. मग माझ्याच अंगाला मी चार वर्षं काय सांगत होते?

पिशव्या काढायची नऊ एप्रिलची तारीख घेतली आहे. भीती ऑपरेशनची नाही, नंतर आरशात काय उरेल त्याची आहे. ताई, पाटी हे नाव तू ठेवलंस. मी चौदा वर्षांची होते. तुझ्या शिवणवर्गात माप शिकवायला तू मला सगळ्यांसमोर उभं केलंस आणि म्हणालीस, पुढून मागून सारखीच, नुसती पाटी. सगळ्या हसल्या, मीही हसले. तुझ्यावर राग नाही, खरंच नाही. पण तेव्हापासून आरशासमोर ते नाव आधी येतं आणि मी नंतर.

तू येऊ नकोस, दुकानाचा हंगाम आहे. फक्त हसू नकोस. लोभ आहे तेवढा राहू दे, जास्त मागत नाही.

धाकटी

---

१५ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुमचं उत्तर नाही याला तीन आठवडे झाले. ही रोज दोनदा पत्रपेटी उघडते आणि मला दिसू नये म्हणून किल्ली मुठीत लपवते. अठरा वर्षं आरशात बघून बस चालवतो, मागचं मला बरोबर दिसतं.

या गोष्टीसाठी मी तिला कधी म्हटलं नव्हतं. करून घेतलं तेव्हा तुझ्या अंगाचं तू ठरव म्हणालो, आताही तेच म्हणालो. होतीस तशीच मला आवडली होतीस हेही सांगितलं, तर तिला वाटतं मी समजूत काढतोय. माझं सांगणं पोचत नाही. तुमचं पोचेल. रागावला असाल तर रागाचं पत्र टाका, पण टाका.

ऑपरेशनच्या दिवसाची रजा मिळाली, पुढची मिळत नाही. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत असं सांगितलं आहे. तिचे केस मी विंचरीन, पण ते बघण्यासारखे होणार नाहीत.

हे पत्र टाकल्याचं तिला माहीत नाही. दवाखान्याचा नंबर मागे लिहिला आहे. आमच्यावर कृपा असू द्यावी.

आपला,
बसवाला

---

१९ मार्च

चिरंजीव,

पुढे काय लिहावं ते सुचेना म्हणून तीन कागद फाडले. हात त्या नावाकडेच जातो, सव्वीस वर्षांची सवय. आशीर्वाद मात्र अनेक, ते फाडले नाहीत.

राग म्हणून गप्प नव्हते गं. लाज वाटत होती. शिवणवर्गातली ती गोष्ट मला आठवतच नव्हती, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. तुझं पत्र वाचलं आणि मग सगळं आठवलं, तुझा लाल झालेला कानसुद्धा. मी बोलून मोकळी झाले आणि तू ते घेऊन हिंडलीस. चुकले मी. पोरीच्या जातीने पोरीला असं बोलू नये, त्यातून मोठ्या बहिणीने तर नाहीच.

आणखी एक. मला माहीत होतं. प्रशिक्षणाहून परतल्यावर तू मला मिठी मारलीस तेव्हाच कळलं. शिंपिणीच्या हातांपासून काय लपतं? मग तू जुनी मापं पाठवलीस. म्हटलं, हिला सांगायचं नाही तर विचारू नये. जुन्या मापानेच कापलं, पण दोन्ही बगलांत शिवणीच्या आत दोन दोन इंच जादा कापडाची माया ठेवली. वाटलं, बटणं लागली नाहीत तर तू मला विचारशील आणि मग बोलू. तू विचारलं नाहीस, मीही नाही. नऊ वर्षं दोघी अतिशहाण्या.

येऊ नकोस म्हणालीस ते वाचलं. ऐकणार नाही. गणवेश समोरच्या शिंप्याला दिले. तो काजं भिकार करतो, पण पोरं कुठे काजं बघतात? निळ्या कापडाचे पुढून उघडणारे तीन सदरे शिवले आहेत, डोक्यातून घालायला नकोत. जखमेतून नळ्या बाहेर सोडतात, त्यांच्या बाटल्यांसाठी आतून दोन खिसे ठेवले. नर्सला फोन करून बाटलीचं माप विचारलं, ती हसत होती. तुझं माप मागत नाही. बसवाल्याला रागावू नकोस, त्याने आयुष्यात पहिल्यांदा चार ओळींहून जास्त लिहिलं आहे.

सात एप्रिलला पोचते. तुला काय म्हणून हाक मारायची ते तू सांगशील, तोवर नुसतं 'अगं' म्हणेन. लोभ शिवणीत घट्ट आहे, उसवणार नाही.

ताई

---

६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू होतीस ते अठरा दिवस बसवाला माणसांत आला होता. आता पुन्हा थांब्यापुरता बोलतो. केस विंचरायला मात्र शिकला. भांग अजून वळणं घेतो.

तब्येतीचं खरं ते लिहिते. थंड सकाळी बोटं अजून अडकतात. केस गळायचे कमी झाले आहेत, थांबलेले नाहीत. सर्जनबाई वर्षभर वाट बघा म्हणाल्या. पण दुपारी झोपत नाही. मागच्या आठवड्यात सलग पाच दिवस कामावर गेले आणि वरची आख्खी कवळी एकटीने केली. चिमटा मागितला तेव्हा शब्द आपसूक आला. मी तो उगीचच दोनदा मागितला.

पट्टी सुटली त्या दिवशी आरशात तू माझ्या मागे दिसत होतीस. तोंडात टाचण्या धरल्या होत्यास, शिवायला हातात काही नसताना. चुकून काही बोलून जाऊ नये म्हणून. मला ते तेव्हाच कळलं होतं, पण रडत होते म्हणून म्हणाले नाही. तू गेल्यावरही बरेच दिवस रडले. दोन रेघा आणि बाकी सपाट, सवय व्हायला वेळ लागला.

काल हिरवं जाकीट काढलं. बगल उसवली नाही, काही केलं नाही. आरशासमोर उभी राहून खालून एकेक बटण लावत वर आले. धास्ती फक्त बोटांची होती. पाचही लागली, ताई. आरशात आधी मी दिसले. नाव आलं, पण मागून आलं, आणि मला हसू फुटलं. तुझ्या हाताला माझं जुनं माप बरोबर पाठ होतं.

सोबत फोटो आहे. बसवाल्याने काढला, म्हणून डोकं अर्धं कापलं गेलं आहे, पण बटणं सगळी आली आहेत. मोजून घे. आणि आता 'अगं' पुरे. अख्ख्या जगाला 'अगं' म्हणतेस, मला माझं वेगळं हवं. लोभ होता तसाच जुन्या मापाने असू दे.

तुझी,
पाटी