मोरीत कोणी घसरलं नव्हतं

चिक्कडपल्ली, हैदराबाद
बुधवार, १८ ऑगस्ट १९९९

चि. त्रिवेणीस,

जयवंताचा आशीर्वाद. तुझ्या नावाआधी सौ. लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. लिहावं की नाही, ते आता तूच ठरव.

महिला केंद्रात जेवणखाण बरं मिळतं ना? हाताचं प्लास्टर निघालं असेल. कोमट तेल लावत जा, पण दाबून चोळू नकोस. परवा नागपंचमी झाली. मी दिंडं केली नाहीत, संदेशला गोड नको असतं आणि एकटीसाठी पुरण कोण वाटणार? समोरच्या अनसूयम्मांनी गॅलरीच्या खिडकीतून वाटीभर प्रसाद दिला, तेवढाच सण.

माझं अक्षर असं का, म्हणशील. उजव्या हाताची दोन बोटं दारात सापडली. विशेष काही नाही.

संदेश ठीक आहे. कारखान्याने घरी बसवलं तेव्हापासून नुसता बसून होता, आता एका केबलवाल्याकडे लागलाय. सकाळी नऊला जातो, सातला येतो. जाताना बाहेरून कुलूप लावतो. म्हणतो, एकटी बाई घरात, कोणी घुसलं तर? फोनच्या डायललाही त्याने छोटं कुलूप घातलंय.

मी अशीच लिहीत गेले तर कागद संपेल आणि सांगायचं ते राहून जाईल.

तू केलेल्या केसची तारीख लागलीय. वकिलाने माझ्या नावाने जबानी टाईप करून दिली, इंग्रजीत. संदेशने मला मराठीत वाचून दाखवली. सून तापट आहे, नोकरी लागल्यापासून तिचं घरात लक्ष नव्हतं, त्या दिवशी ती मोरीत घसरून मनगट मोडून बसली, माझ्या मुलाने तिच्यावर कधी हात उगारला नाही. "खाली सही कर," म्हणाला. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावरच होता. दुसऱ्या दिवशी म्हटलं, डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "असं झालं नव्हतं रे."

त्याने माझा हात धरला, चौकटीवर ठेवला आणि दार लोटलं. मग त्यानेच हळद लावली. म्हणाला, "विचारलं कोणी तर सांग, दारात सापडली." मी तुला वर तेच लिहिलं बघ. आपोआप लिहिलं गेलं. काल सांगत होता, सही जमत नसेल तर अंगठा चालतो, वकिलाला विचारून आलोय. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे, त्रिवेणी. शुक्रवारी माझा अंगठा घेणार आहे.

आता त्या रविवारचं लिहिते.

अमीरपेठला कॉम्प्युटर शिकून तुला नोकरी लागली तेव्हा पेढे त्यानेच आणले होते. मग महिन्याभरात सुरू झालं, ऑफिसात कोणाशी बोलतेस, बसस्टॉपवर कोण उभं असतं. मीही त्यात माझं तिखटमीठ घालत होते. त्या दुपारी जेवणं झाली आणि तो तुला खोलीत ओढायला लागला. तू नाही म्हणत होतीस. मला स्पष्ट ऐकू आलं. दार लागलं. तू हाक मारलीस, "आत्याबाई." पुन्हा मारलीस. मी उठले. उठून टीव्हीचा आवाज वाढवला आणि परत खाली बसले. मनाशी म्हणत होते, नवराबायकोच्या खोलीत सासूने जाऊ नये. मग तुझी हाक आली नाही. काहीतरी आपटल्याचा आवाज आला. तू बाहेर आलीस ती मनगट पोटाशी धरून. आणि मी तुला विचारलं, चहा टाकू का?

पुढे हॉस्पिटलात तुला कुसुमताई भेटल्या, केंद्रात घेऊन गेल्या. पोलीसबाईंना घेऊन तुझे कपडे आणि सर्टिफिकिटं न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "मावशी, तुम्ही घरात होतात. काय झालं?" मी म्हटलं, "मोरीत घसरली." तू उंबऱ्यात उभी होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस आणि बॅगेची चेन ओढून घेतलीस.

त्याने तुला मारलं तेव्हा मी दोष तुझ्या जिभेला दिला. मला मारलं, आता कोणाला देऊ?

अनसूयम्मांनी माझी बोटं पाहिली. "ताला कायकू डाल के जाता, अम्मा?" एवढंच विचारलं आणि कोठी भागातल्या तुमच्या केंद्राला फोन लावला. आज अकराला कुसुमताई आल्या. त्या खिडकीच्या गजांबाहेर, मी आत.

"आम्ही पोलिसांना आणून कुलूप उघडतो, मावशी. तुम्ही फक्त म्हणा, मला बाहेर यायचंय."

"तो माझा मुलगा आहे."

"आहे ना. आणि कुलूप त्यानेच लावलंय."

मी म्हटलं, "चहा तरी घेऊन जा." दाराला बाहेरून कुलूप, आणि मी त्यांना चहाला थांबवत होते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या याच वेळेला येते. परवाही येईन."

कुठे जाऊ, सांग? उदगीरला भावाकडे गेले तर तो दोन दिवसांत मला इथेच आणून सोडेल. आणि संदेश संध्याकाळी येऊन कुलूप काढेल, घर रिकामं बघेल, ते मला डोळ्यांसमोर येतं. अजून येतं. तू चिडशील, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

कुसुमताई गेल्यावर अनसूयम्मांकडून कोरा कागद मागून घेतला. अंगठा आणि अनामिकेत पेन धरून त्यावर सगळं लिहिलं, त्या रविवारचं आणि माझ्या बोटांचं. खाली पूर्ण नावाने सही केली. अनसूयम्मांना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या बोलीत एकेक वाक्य सांगितलं. गज धरून त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेरेकू मालूम था, अम्मा. आवाज आता था." त्यांनी तेलुगूत सही केली. तो कागद या पत्रासोबत आहे, दोन्ही त्यांच्याच हाती देतेय.

शुक्रवारी तो माझा अंगठा त्या टाईप केलेल्या कागदावर उमटवेल. मी उमटवू देईन, असंही होईल. कोर्टात उभी केली आणि तो समोर असला, तर तोंडाने मोरीचंच निघेल. माझा मला भरवसा नाही. तसं झालं तर मागेपुढे पाहू नकोस. हा कागद पुढे कर आणि सांग, म्हातारी खोटं बोलतेय, खरं तिने आधीच लिहून दिलंय.

माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

उद्या अकराला खिडकीशी बसेन. कुसुमताईंनी म्हणायला सांगितलेले तीनच शब्द आहेत. दुपारपासून म्हणून बघतेय, दोनवर अडकते.

तुझी साक्षीदार,
जयवंता नामदेवराव बिरादार