बेचाळीस मिनिटं

सोमवार, ४ मार्च. सकाळी ११.
माझा निबंध वाहतूक परिषदेसाठी निवडला गेला. मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरीबाईंनी इंटरकॉमवर दुजोरा दिला. आनंद झाल्यासारख्या वाटल्या नाहीत, पण त्यांचा आवाज मुळातच तसा आहे. विषय: बस, मोटार आणि विमान यांची तुलना. निष्कर्ष: बस. २१ तारखेला दुपारी चारला वाचायचा.
परिषद नेमकी लेकीच्या शहरात. तिला लगेच फोन केला. म्हणाली, पहिल्या रांगेत बसते बाबा, फक्त तुम्ही या. हे 'फक्त' मुद्दाम होतं. तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला मी पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता, हे ती विसरायला तयार नाही. संकल्प: या वेळी तिच्या आधी हॉलमध्ये.

मंगळवार, ५ मार्च.
साहेबांनी बोलावलं. निबंध आवडला, विशेषतः तक्ता. माझ्या घरापासून विमानतळ: मोटारीने अडतीस मिनिटं, अधिक पार्किंगची पंधरा, एकूण त्रेपन्न. बसने बेचाळीस. साहेब म्हणाले, मग विमान पकडायला त्याच बसने जा, बातमीपत्रात फोटो छापू. म्हटलं, अर्थातच. दुसरं काय म्हणणार? बस कंपनीच्या वेळापत्रक शाखेचा प्रमुख मी. बेचाळीस हा आकडा माझाच.
घरी सांगितलं. बायकोने विचारलं, तुम्ही बसमध्ये शेवटचे कधी बसलात? हा प्रश्न तांत्रिक नाही.

गुरुवार, ७ मार्च.
सराव म्हणून ऑफिसला बसने जायचं ठरवलं. स्टॉपवर वीस मिनिटं उभा. बसला उशीर झाला नव्हता. मी लवकर गेलो असणार. बस आली, खच्चून भरलेली होती, थांबलीच नाही. मोटारीने गेलो. न थांबल्यामुळे बसचे तीस सेकंद वाचले. ही चांगली बाजू कुणी लक्षात घेत नाही.

सोमवार, ११ मार्च.
नवी पद्धत. ऑफिसच्या अलीकडच्या स्टॉपपर्यंत मोटार, तिथून एक स्टॉप बस. तत्त्वही सांभाळलं जातं आणि लेटमार्कही टळतो.
बस नेमकी काकांची निघाली. काका म्हणजे विमानतळ मार्गावरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. म्हणाले, साहेब, गाडी बिघडली वाटतं. म्हटलं, नाही, सराव करतोय. कसला, ते सविस्तर सांगितलं. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ते बेचाळीस तुम्ही काढलेत होय, आम्ही समजत होतो छापणाऱ्याची चूक आहे. आणि उतरताना: एकतीस स्टॉप आहेत, साहेब.
काकांना आजवर बरेच लेटमार्क मिळालेत. त्यामुळे थोडे कडवट झालेत.

गुरुवार, १४ मार्च. जेवणाची सुट्टी.
जुनी फाइल काढली. शंका म्हणून नव्हे, सहज. आकडा पक्का आहे. सात वर्षांपूर्वी मी स्वतः मोजला. रविवारी, सकाळी साडेसहाला, माझ्या मोटारीने. लेक पहिल्या नोकरीसाठी निघाली होती, तिला विमानतळावर सोडायचंच होतं. म्हटलं, जाता जाता कामही उरकू. अडतीस मिनिटं लागली. त्यात प्रवाशांच्या चढ-उतारासाठी चार मिनिटं सढळ हाताने घातली.
ती मागच्या सीटवरून काहीतरी सांगत होती. मी घड्याळ बघत होतो.
एकतीस स्टॉप, चार मिनिटं. म्हणजे दर स्टॉपला पावणेआठ सेकंद. प्रवाशांनी मनावर घेतलं तर जमण्यासारखं आहे.

बुधवार, २० मार्च.
विमान उद्या ११:१०. काउंटर १०:२५ला बंद. नऊची बस घेतली की ९:४२ला विमानतळ.
बायको म्हणाली, टॅक्सीने जा, फोटो परत आल्यावर काढा. म्हटलं, मग निबंध खोटा ठरेल. म्हणाली, निबंध खोटा ठरला तर कुत्रं विचारणार नाही, तुम्ही पोचला नाहीत तर पोरीला कळेल. याला उत्तर होतं, पण मला भाषणाची उजळणी करायची होती.
साडेआठची बस घ्यावी का? नको. त्रेचाळीस मिनिटं हाताशी असताना आणखी लवकर निघणं म्हणजे स्वतःच्याच वेळापत्रकावर अविश्वास.

गुरुवार, २१ मार्च. ९:२६.
नऊची बस आली. काकांचीच. फोटो झाला. फोटोत मागे घड्याळ येणार नाही याची काळजी घेतली.

९:५५.
बारावा स्टॉप. एक आजीबाई चढल्या. चढताहेत. अजून चढताहेत.

१०:१२.
शाळा. कंडक्टरला म्हटलं, दोन-तीन स्टॉप न थांबता घ्या. म्हणाला, उतरणाऱ्यांना काय खिडकीतून उतरवू? उतरून टॅक्सी करावी असं मनात आलं, पण काका आरशात बघत होते.

१०:२५.
विमानं नेहमी उशिरा सुटतात. निबंधात पान चारवर आहे.

१०:४८.
विमानतळ. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आज विमान अगदी वेळेवर आहे, सर. पुढचं संध्याकाळी सातला.

११:३०.
लेकीचा फोन. मी कारण सांगायच्या आत म्हणाली, निबंध मेल करा, मी वाचते, संयोजकांशी कालच बोलून ठेवलंय. कालच. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने विचारलं, तो बेचाळीसचा तक्ताही वाचायचा ना? म्हटलं, वाच.
मग मी विचारलं, त्या दिवशी गाडीत तू काय सांगत होतीस? म्हणाली, कुठल्या दिवशी? सांगितलं. म्हणाली, सात वर्षं झाली बाबा, आता कुठलं आठवतंय. ठेवते, तुमची बस येईल.

१:०५.
परतीच्या स्टॉपवर. फलकावर १२:२०ची बस आहे, खाली शाखाप्रमुख म्हणून माझी छापील सही. शेजारच्या बाईंनी विचारलं, हे असलं लिहितं तरी कोण? म्हटलं, कल्पना नाही.
काकांना फोन केला. ते सकाळीच बस घेऊन परत फिरले, आता पुन्हा इकडे यायला निघालेत. म्हणाले, शाळेपाशी आहे, बसून घ्या. बसायला बाक नाही. स्टॉपवर कुणाला फार वेळ थांबावं लागत नाही, म्हणून बाकाची गरज नाही, असा शेरा मीच मारला होता.
चार वाजता लेक पहिल्या रांगेतून उठेल आणि बस वेळेवर पोचते असं वाचून दाखवेल. तोपर्यंत मी घरी पोचणं अपेक्षित आहे. काकांनी याला दुजोरा दिलेला नाही.