खळ वाळेपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचले. दोन रात्री आणि एक दिवस गाडीत बसून हाडं खिळखिळी झाली, पण सामान सगळं आलं आणि मीही आले. समुद्र इथे इतका जवळ आहे की खोलीचं भाडं त्याच्याच नावाने घेतात. घरमालकीणबाईंनी आधी खिडकी दाखवली, मग खिडकीतला समुद्र दाखवला, आणि खोली दाखवायचं राहूनच गेलं. ते का, हे ट्रंक आत आणल्यावर कळलं. पलंगावर बसल्या बसल्या एका हाताने दार उघडता येतं आणि दुसऱ्याने शेगडी विझवता येते. अर्ध्याहून जास्त पगार या सोयीपायी जाणार. तू हसशील, पण मला ती आवडली आहे.

ग्रंथालयात पुस्तकं बांधायची खोली मागच्या अंगाला आहे. लांबलचक टेबल, दिवसभर सारखा उजेड, पुस्तकं दाबायचे तीन शिकंजे, त्यातले दोन चालू. ग्रंथपालबाई उंच, आणि शिक्का मारावा तसं एकेक वाक्य बोलणाऱ्या. तीन महिने काम बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार. पहिल्या खेपेला जुन्या प्रवासवर्णनांचे चाळीस खंड दिले आहेत.

अप्पा काय म्हणतात? त्यांचं बाइंडिंगचं दुकान सोडून मी नोकरीला निघाले म्हणून त्यांनी जी पाठ फिरवली, ती अजून तशीच आहे का?

तुझा लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढला तर ठेवायला इथे जागा नाही.

तुझी धाकटी


१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. अप्पांनी ते वाचलं नाही. मी ते जेवताना मोठ्यांदा वाचलं आणि त्या वेळी ते पानावर होते, यात त्यांचा काय दोष? ‘तीन शिकंजे’ ऐकून त्यांचा घास हातात थांबला. ‘दोन चालू’ ऐकल्यावर पुढे गेला. यापलीकडे त्यांची प्रतिक्रिया नाही. फोन आला की ते ‘बरं, दादाला देतो’ म्हणून माझ्याकडे देतात हे तू जाणतेसच, तेव्हा पत्रच लिहीत जा. पत्रापुढून माणसाला तोंड धुवायच्या निमित्ताने उठून जाता येत नाही.

तुझ्या खोलीचं वर्णन वाचून तुझी वहिनी हळहळली. मला मात्र तू आता ऋषिमुनींच्या पंक्तीला बसलीस असं वाटलं. फरक एवढाच, की त्यांना गुहेचं भाडं नव्हतं. आणि समुद्राबद्दल मला सविस्तर लिही. पंचवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून मला समुद्राची वीसेक नावं पाठ आहेत, पण त्यात पाय एकदाही भिजलेला नाही. वर्गात हे कुणी विचारलं तर मी विषय नदीकडे वळवतो.

जपून राहा, भरपूर जेव, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसवायला काही नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. चाळीसही खंड वाया गेले आहेत.

अप्पांच्या शिस्तीनेच केलं सगळं. पुठ्ठे चिकटवायची खळ त्यांच्याच मापाने शिजवली. रात्री पुस्तक शिकंज्यात, सकाळी कपाटात. घरी या नियमाने आजवर एक पुस्तक वाकडं झालं नाही. पण घरची हवा कोरडी. इथे टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही, हे मला रोज दिसत होतं, तरी खळही वाळत नसेल हे डोक्यात आलं नाही. बोटांना गारवा लागत होता. मी बोटांचं ऐकलं नाही, नियमाचं ऐकलं. शेवटचा खंड ठेवायला जागा करताना परवा मागचे खंड बाहेर काढले तर पुठ्ठे ओंजळीसारखे वळलेले, आणि पाठींवर हिरवी बुरशी.

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे अजून कुणाला ठाऊक नाही. महिनाअखेर बाई बघणार. त्यांनी नको म्हटलं तर ही खोली आठवडाभरही परवडणार नाही, सरळ परत यावं लागेल. परत येण्याची मला लाज नाही रे. पण दादा, मला इथेच राहायचं आहे. सकाळी चालत कामाला जाताना मी गुणगुणत असते. हे मलाही माहीत नव्हतं. पुढचा माणूस वळून बघायला लागला तेव्हा कळलं.

अप्पांना सांगू नकोस. किंवा सांग. तूच ठरव.

आहे तशीच मला आपली म्हण.

तुझी धाकटी


१७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सांगितलं.

अप्पा म्हणाले की खळ माझी, नियम माझा. पोरीने फक्त माझं ऐकलं, आणि तेही आयुष्यात पहिल्यांदाच. एवढं बोलून त्यांनी आपल्या न्हाणीघराचा ताबा घेतला.

तेव्हापासून आपल्या घरी समुद्र आहे. दार-खिडक्या बंद, दोन पातेली अखंड उकळतायत, दोरीवर ओल्या चादरी. हवेतला ओलावा मोजायचं यंत्र मी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून मागून आणलं. कशाला हवंय, असं त्यांनी विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. त्या आता माझ्याशी फार मऊ आवाजात बोलतात. प्रयोगाला पुस्तकं हवीत म्हणून अप्पांनी माझ्या कपाटातले व्याकरणाचे जाडजूड ग्रंथ पुठ्ठे सोलून आत नेले. माझ्या देखत धातुरूपांना घाम फुटला. तुझी वहिनी शेजारी अंघोळीला जाते. मी पाच दिवस निव्वळ सद्विचारांवर स्वच्छ आहे.

निष्कर्ष, अप्पांनी सांगितला तसा: खळीत पाणी निम्मं घाल. हात पातळ फिरव. पुठ्ठ्याला दोन्ही अंगांनी कागद लाव, नाहीतर तो एकाच बाजूला ओढला जातो. मध्ये टिपकागद घालून दिवसातून दोनदा बदल. पाच दिवस शिकंज्यात, एक तासही कमी नाही. आणि बोटाला गार लागलं तर सहावा दिवस. पण खळ शिजवायला घेण्याआधी किल्ली बाईंच्या हातात दे, हे त्यांनी मला दोनदा लिहायला लावलं. एकदा लिहिलंय, दुसरी वेळ तू वाचून काढ.

घाबरू नकोस. आमचा लोभ ओल्या हवेतही टिकणारा आहे.

तुझा दादा


२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच सकाळी किल्ली दिली. बाईंनी चाळीसही खंड एकेक करून उचलून पाहिले. अर्धा तास. पुन्हा कसं बांधणार ते मी सांगितलं. मग, पाच दिवस दाबायचं हे मी कुठून काढलं, असं त्यांनी विचारलं. मी आपलं न्हाणीघर सांगितलं, उकळती पातेली सांगितली, तुझे सद्विचारही सांगितले. बाई हसल्या. इतक्या हसल्या की काय झालं म्हणून शिपाई दारातून डोकावून गेला. त्याने त्यांना हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं म्हणे.

पण हसून झाल्यावर शिक्का मारलाच. सगळे खंड पुन्हा बांधायचे, मग समुद्राकडच्या उघड्या खिडकीशी आठ दिवस ठेवायचे. नवव्या दिवशी त्या प्रत्येक पुठ्ठ्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवून उजेडात धरणार. पट्टीखालून उजेड दिसला तर माझी तीन महिन्यांची मुदत तिथेच संपली.

बुरशी पुसून, उन्हात सुकवून, आज खळ शिजवायला घेतली आहे. अप्पांना नमस्कार सांग. ते पाठ करून बसले असतील तर पाठीला सांग.

मायेत अंतर नको.

तुझी धाकटी


२१ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पट्टी फिरली. एकोणचाळीस खंडांवर पट्टीखाली काळोख. एवढा सुंदर काळोख मी कधी पाहिला नाही. चाळिसाव्यावर पट्टीखालून केसाएवढा उजेड आला.

तरी मीच म्हटलं, हा मी पुन्हा बांधते. बाई म्हणाल्या की बांधा, तळघरात असे आणखी तीन हजार आहेत, त्यांच्याबरोबर हाही होऊन जाईल. मला अर्थच लागेना. म्हणजे किती दिवस, असं मी खुळ्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, दिवस नव्हे, सहा-सात वर्षं. कायम करायचा कागद संध्याकाळी टेबलावर येईल.

आला. सही करताना माझं अक्षर इतकं वाकडं आलं की अप्पांनी बघू नये.

आज कामावरून चालत येताना चांगली मोठ्याने गायले. लोकांनी वळून पाहिलं, मी हात हलवला.

सगळ्यांची माया मिळून एवढी झाली आहे की मोठी खोली शोधावी लागेल.

तुझी धाकटी


२७ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी उभं राहून वाचलं. वहिनीने डोळे पुसले आणि मग, कोण रडतंय, असं मलाच विचारलं. अप्पांनी ‘तीन हजार’ हा आकडा तीनदा वाचून घेतला. मग म्हणाले की एकट्या पोरीच्याने हे सात वर्षांत उरकणार नाही, पुठ्ठ्याचे कोपरे वळवायला तिचा हात पहिल्यापासून जड. नंतर त्यांनी मला गाड्यांचं वेळापत्रक मागितलं.

तुझी खोली केवढी आहे याची मी आठवण दिली. ते म्हणाले, मी तुला गाडी विचारली, खोली नाही. दुकानाला दोन महिन्यांचं कुलूप लावलं आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, त्यांच्याच हाती देतो आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ते टेबलापलीकडे उभे आहेत, आणि तुझ्याकडे न बघता तुझ्या खंडांचे कोपरे चाचपतायत. त्यांना दोष सापडणार नाही. म्हणून ते जास्तच रागावलेले दिसतील. फसू नकोस.

लोभाचं पुढच्या पत्रात लिहीन. आधी मान वर करून बघ.

तुझा दादा