पट्टा म्हणालीस, कुठला ते नाही

आधी भांडण, मग आशीर्वाद. गाडी देताना फाटकात उभी राहून तू मला म्हणालीस, "ताई, पट्टा तेवढा ढिला झालाय, बघून घे." झालं. कुठला पट्टा, कुठे असतो, ढिला झाला तर काय होतं, काही नाही. लहानपणापासून तुझं हेच, निम्मं बोलायचं आणि उरलेलं दुसऱ्याने ओळखायचं. तुझ्या त्या निम्म्या बोलण्यापायी मी दाभणाने बोटं फोडून घेतली, माझ्या मुलाचा श्वास कोंडला आणि अख्ख्या गल्लीचे कान किटले.

असो. चि. सौ. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी घेऊन झोपतेस? तुझ्या यजमानांचा खोकला गेला का? (नसेल तर खिडकी उघडायला सांग, कोंदट खोलीत माणूस खोकणारच.) इकडे आम्ही बरे. ह्यांची डावी बाजू अजून रुसलेलीच आहे. बोलण्यात दोनच शब्द उरलेत, "हो" आणि "हट्". पूर्वीही फार होते अशातला भाग नाही, पण आता निदान वेळेवर येतात. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण मुलगा घरात असला की फोन मोठ्याने लावून ठेवतो, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. आणि मला जे सांगायचंय ते त्याला ऐकू जायला नको. ते शेवटी येईल, आत्ता पानं उलटू नकोस.

तर तुझी गाडी. आमच्या मुलाची गाडी दिसायला चकचकीत, पण इतकी ठेंगणी की तिच्यात ह्यांना बसवायचं म्हणजे कपाट खिडकीतून आत घ्यायचं. चाकाची खुर्ची माणसासकट आत जाते ती फक्त तुझ्या म्हातारीच्या सरकत्या दारातून, फळी लावली की. म्हणजे गाडी चालली तर हे घराबाहेर, नाही चालली तर खिडकीपाशी. इतकं सरळ आहे. आणि तुझी म्हातारी सकाळी सुरू केली की अशी किंचाळायची, जणू तिला कुणी केसांना धरून ओढतंय. समोरच्या मास्तरीणबाई गॅलरीत येऊन विचारायच्या, "आजी, सगळं ठीक ना?" मी म्हणायची, गाडी आहे हो, सून नाही. वर मध्येच रस्त्यात बंद पडायची. दोनदा ढकलून आणल्यावर मुलाने जाहीर केलं, "आई, आता एकदा जरी बंद पडली ना, सरळ भंगारात." (पोरगा वाईट नाही. पण ज्याच्या शर्टाला धक्का मारताना डाग पडतात तो असंच बोलतो.)

मग मला तुझं बोलणं आठवलं. पट्टा! गाडीत पट्टा म्हणजे छातीवरून घ्यायचा तो, दुसरा कुठला असणार? बघितला तर खरंच ढिला, लोंबत होता. मी दाभण घेतलं, मेणाचा दोरा दुहेरी केला आणि पट्टा चांगला दुमडून असा शिवला की हत्तीला बांधला असता. दुसऱ्या दिवशी मुलगा चाक धरायला बसला, पट्टा लावला आणि तोंडातून "आई" एवढंच बाहेर आलं. पुढचं आलंच नाही, जागाच नव्हती. आणि गाडी? गाडी होती तशी किंचाळली. ह्यांनी खिडकीतून "हट्" म्हटलं. मला की गाडीला ते मी विचारलं नाही.

पट्टा उसवत सून म्हणाली, "आई, इंजिनालाही पट्टा असतो." मग आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही एवढ्या मन लावून शिवत होतात. (बघ, ही माझी सून. गुणाची आहे, पण बोलते उशिरा.) तिने मोबाईलवर गाडी दुरुस्त करून दाखवणारा एक माणूस शोधून काढला. तो काय भाषा बोलत होता देव जाणे, पण हात स्वच्छ दिसत होते. त्याने झाकण उघडलं, आम्ही उघडलं. त्याने बोट दाखवलं, आम्ही वाकून बघितलं. आणि धाकटे, मी कपाळावर हात मारला. अगं, हे तर शिलाईचं मशीन! मोठं चाक, छोटं चाक, भोवती पट्टा. पट्टा सैल झाला की मशीन नुसतं घरघरतं, टाका पडत नाही. इथे टाक्याच्या जागी बॅटरी. पट्टा घसरतो, बॅटरी भरत नाही, गाडी बंद. जन्मभर मशीनवर बसले, आणि जो पट्टा मला कळत होता तो सोडून भलताच शिवत बसले.

जुना पट्टा काढला, कोरड्या ओठासारखा चिरलेला होता. तो घेऊन सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार विचारतो, "आजी, मॉडेल कुठलं?" मी पट्टा काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, मापाला जुनी चप्पल आणतात ना, तशी आणलीय, ह्याच्याएवढा द्या. त्याने मापून दिला.

नवा चढवला, पण ताणून धरायला काही सापडेना. सून पाना घेऊन तयार, मी ओढतेय, आणि ओढून होतंय काय तर माझीच कंबर. तेवढ्यात दारातून काठी आपटल्याचा आवाज. ह्यांची जुनी काठी गं, आता चालायला उपयोगाची नाही म्हणून खुर्चीला नुसती अडकवलेली असते. उजव्या हाताने ती माझ्याकडे पुढे केली होती. ती मध्ये घातली, रेटली, सुनेने नट आवळला. गाडी सुरू केली. किंचाळली. "हट्." पुन्हा रेटलं, पुन्हा आवळलं, अंगठ्याने दाबून बघितलं, मशीनचा बघतात तसं. सुरू केली. गप्प! इतकी गप्प की सुनेने उतरून बघितलं, चालू आहे ना. आणि दारातून "हो."

मग सरकतं दार अर्ध्यावर अडत होतं. त्याची खाच मी विणायच्या सुईने टोकरली, जुन्या ब्रशाने घासली, मेणबत्ती फिरवली. (त्या खाचेत तुमच्या घरचं काय काय निघालं ते खाली सांगते.) आता बोटाने सरकतं.

पहिली फेरी दवाखान्याची नाही केली. ह्यांना त्यांच्या नेहमीच्या सलूनमध्ये नेलं. आजारपणापासून केस मीच कापत होते. ते बघून सलूनवाला हातात कात्री धरून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "काका, कोणाशी भांडलात?" हे इतके हसले की खुर्ची हलली. धाकटे, त्यांचं हसणं ऐकून किती दिवस झाले होते ते मी मोजलं नाही. येताना वाटभर आरशात बघून "हो, हो" चाललं होतं. तुझ्या गाडीला मी नको नको ते बोलले. ते सगळं मागे घेते. तुला बोलले ते नाही घेत. पण दिलीस ती गाडी खरी दिलीस, एवढं लिहून ठेवते.

तुझी,
ताई

ता. क. आता खरं काम. गाडी नीट झाली तर मुलाला आता गिऱ्हाईक मिळालंय! म्हणतो, चालतेय तोवर विकू. पण कागदावर अजून नाव तुझं आहे, म्हणून तो सही मागायला तुझ्याकडे येणार. गोड बोलेल, मिठाई आणेल. मिठाई घे. सही करू नकोस.

आणखी ता. क. खाचेत तुझं हरवलेलं मोत्याचं कानातलं निघालं. तेच, जे "कपाट आवरताना सुनेनेच घालवलं" म्हणून तू तुझ्या सुनेशी अबोला धरलास. माझ्या डब्यात आहे. सही केलीस तर विसर. नाही केलीस तरी आधी तिच्यासमोर बसून सांग, माझं कानातलं माझ्याच गाडीत पडलं होतं. आणि ह्या पत्राचं उत्तर तू लिहू नकोस, तुझ्या यजमानांनीही नको. तुझ्या सुनेने लिहायचं.